भागरतामावशीचा आडोसा

भागरतामावशीकडे झाड मागायला गेलं की ती झाडाचं नाव विचारत नसे. ती विचारायची, "कोनापासून लपाचं हाये?"

नवा माणूस गोंधळायचा. रस्त्यावरून घरातलं दिसू नये म्हणून चार कुंड्या न्यायला तो आलेला असायचा आणि ही बाई चोराला विचारावं तसं विचारते. पण मावशीचा तो कामाचा प्रश्न होता. ट्रकवाल्यांपासून लपायचं असेल तर उंच झाड लागतं, कारण ट्रकवाला वरून बघतो. शेजारणीसाठी कमरेपासून खांद्यापर्यंत दाट असलं की पुरे. "शेजारीन वाकून पाह्यते, उडी मारून नाही पाह्यत." आणि एखादी नवी सून दबक्या आवाजात "सासूपासून" म्हणाली तर मावशी मान हलवायची. "त्याले झाड नाही बाई. त्याले बदली."

आमची कॉलनी चिखल्याच्या मॅंगनीज खाणीची. एकाला एक लागून क्वार्टरं, प्रत्येकासमोर आठ-दहा पावलांचं अंगण, मग रस्ता, रस्त्याच्या पलीकडे ग्राउंड. रस्त्यावरून दिवसभर मालाचे ट्रक जायचे आणि त्यांच्यामागून काळी धूळ. कंपनीचा नियम असा की अंगणात भिंत बांधायची नाही, कुंपण घालायचं नाही, जमीन खोदायची नाही, कारण खालून पाण्याचे पाइप गेलेत. बाया बांबूचे तट्टे उभे करायच्या, जुनी लुगडी बांधायच्या. वाऱ्याने ती उडायची आणि नेमकी कोणी केस धूत बसलेली असताना उडायची. कुंड्यांचा आडोसा आमच्याकडे पहिल्यांदा भागरतामावशीने केला. तेलाची कापलेली पिंपं, रंगाचे डबे, फुटके माठ, जे हाती लागेल त्यात तिने झाडं वाढवली आणि मग अख्ख्या कॉलनीला दिली. ती कोणाची सख्खी मावशी नव्हती, पण लहान-मोठे सगळे तिला मावशीच म्हणत.

तरुणपणी ती खाणीवर माल निवडायला होती. खाली निघालेला दगड वर यायचा, बाया हातोड्यांनी तो फोडायच्या आणि चांगला माल एकीकडे, टाकाऊ दगड एकीकडे करायच्या. दगड नुसता हातात घेतला की किती भारी आहे यावरून तिला कळायचं. ते काम सुटून बरीच वर्षं झाली, नवरा गेला, पोरगा खाणीवर लागला, पण तळहाताच्या रेषांत काळेपणा राहिला आणि तो छोटा हातोडाही राहिला. सकाळी ती तो हातोडा घेऊन कुंड्यांमधून फिरायची. प्रत्येक कुंडीला एक हलका ठोका. ठणकन वाजली तर कोरडी, बद वाजली तर ओली. उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी, तेव्हा तिच्या घरी एक लोटाही वाया जात नसे. "तहान लागल्याशिवाय पानी पाजलं की झाड लाडावते," ती म्हणायची. "मंग जवायासारखं वागते."

झाड निवडायच्या तिच्या तीन परीक्षा होत्या. पहिली अंगठ्याची. पान दोन बोटांत धरून अंगठा फिरवायचा. लव लागली, खरखरीत लागलं की झाड बाद. आमच्याकडची धूळ लवेत बसली की निघत नाही. पान गुळगुळीत पाहिजे, फडक्याने पुसता आलं पाहिजे. दुसरी परीक्षा बकरीची. शेजारच्या बकरीसमोर ती एक डहाळी धरायची. बकरीने तोंड फिरवलं की झाड पास. अडुळसा, तगर, पिवळी कण्हेर ही अशी पास झालेली मंडळी. तिसरी परीक्षा वेळेची होती आणि तीच सगळ्यात कडक. नवीन झाड ती वर्षभर आपल्या अंगणात ठेवायची आणि सहाही ऋतूंत बघायची. एकदा जरी सगळी पानं टाकून उघडं झालं, की ते आडोशाच्या कामाचं नाही. असं बाद झालेलं झाड ती फेकत नसे, शाळेच्या कुंपणाजवळ नेऊन लावायची. तिथला चाफा तिचाच.

मी हे सगळं आता कौतुकाने सांगते. तेव्हा मला त्याचं हसू यायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आईला सही करता येत नव्हती, बाबा सातवी. मी तुमसरला बस धरून जायची आणि वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होते, आणि ते मी कोणालाही विसरू देत नसे. मावशीलाही नाही. बकरी समोर धरून झाड निवडणाऱ्या बाईला मी एकदा 'सदाहरित' आणि 'पानझडी' यांतला फरक समजावून सांगितला होता. तिने हातोडा खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं झालं वं सांगितलं. मी आपली पानं पाहून ओळखत होती." तेव्हापासून तिने माझं नाव सोडलं. मी 'बीएस्सी' झाले.

एकदा कॉलनीवर एक नवे साहेब आले. हाताखालची दोन माणसं घेऊन ते फिरायला निघाले आणि मावशीच्या अंगणापाशी थांबले.

"बाई, हे कुंपण काढा."

"कुंपन कुठी हाये साहेब? हे तं डब्बे हायेत."

"रांगेत लावले की कुंपणच झालं."

मावशीने पदर खोचला. एक पिंप मिठी मारून उचललं आणि हातभर पुढे ठेवलं. दुसरं हातभर मागे. तिसरं पुढे. "आता पाहा. रांग राह्यली का?" साहेबांबरोबरची माणसं दुसरीकडे बघून हसत होती. साहेबांनी नियमावली मनात चाळली असावी, कारण ते एकेका पिंपाकडे बोट नेत राहिले आणि मग नुसते निघून गेले. त्या दिवसापासून मावशी कुंड्या सरळ रांगेत लावेनाशी झाली. एक पुढे, एक मागे, म्हणजे पुढच्या दोघींमधली फट मागची बुजवते. याचं श्रेय साहेबांना द्यायला मात्र ती तयार नव्हती.

पुढच्या रविवारी त्याच साहेबांच्या बाई बंगल्यावरून चालत आल्या. मावशीने विचारलं, "कोनापासून लपाचं हाये?"

बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "तुमच्या सगळ्यांपासून."

"मंग उंच पाहिजेत," मावशी म्हणाली. "आमी लय हावो." आणि तिने त्यांना आपल्याकडच्या सगळ्यात चांगल्या कामिनीच्या कुंड्या दिल्या.

माझे बाबा, गणपत, खाणीत खाली कामाला होते. एका पाळीत वरून दगड आला. कोणाची चूक नव्हती, असं बाबा स्वतःच सांगत. नागपूरच्या दवाखान्यात त्यांचा डावा पाय मांडीपासून कापावा लागला. दिवाळीनंतर ते घरी आले तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते.

आमच्या क्वार्टरसमोरच, रस्त्यापलीकडे, व्हॉलीबॉलचं ग्राउंड. बाबा आधी तिथे खेळायचे आणि पुढे पंच झाले. संध्याकाळी त्यांची शिट्टी वाजली की आई चहा ठेवायची, इतकं ते ठरलेलं होतं. आजूबाजूच्या खाणींचे संघ आले तरी पंच गणपतच. ते दवाखान्यातून आले त्या संध्याकाळी ग्राउंडवरची सगळी पोरं भेटायला म्हणून अंगणात आली. बाबांनी आतून सांगायला लावलं की झोपलेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढचं दार लावलं, रस्त्याकडची खिडकी लावली आणि मागच्या खोलीत खाट टाकली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उन्हात बसा, कुबड्या घेऊन चाला. कंपनीने कळवलं होतं, खाणीत जाणाऱ्यांना दिवे देतात त्या लॅम्परूमात तुमच्यासाठी बसून करायचं काम आहे, कधीही या. बाबांचं सगळ्याला एकच उत्तर. "लोकं पाह्यतात."

अंगणात आडोसा केला तर ते निदान उन्हात बसतील, हे मलाच पहिल्यांदा सुचलं. मी पुस्तक काढलं, सदाहरित झाडांची यादी काढली आणि भंडाऱ्याहून टेम्पोत घालून आठ मोरपंखी आणल्या. हिरव्यागार, देखण्या, पुस्तकातल्यासारख्या. मावशी बघायला आली. तिने एका मोरपंखीच्या केसांत हात घातला.

"याले पुसशील कशी वं, बीएस्सी? फनीनं?"

मी म्हटलं, "मावशी, हे बारा महिने हिरवं राहतं. शास्त्र आहे."

"राह्यत असन. जिथं ट्रक नाही तिथं."

दुसराही दोष होता आणि तो तिने त्याच दिवशी दाखवला. मोरपंखी खाली रुंद, वर टोकदार. दोन टोकांच्या मधे बरोबर माणसाच्या तोंडाएवढी फट. बाबा एकदा दारापर्यंत आले, त्या फटींतून रस्ता बघितला आणि परत फिरले. होळीपर्यंत आठही झाडं राखेच्या रंगाची झाली. मे महिन्यात तपकिरी. माझा निकाल लागला, पहिला वर्ग, पेढे वाटायला आई अंगणात उभी होती आणि मागे माझ्या आठ मोरपंख्या वाळून उभ्या होत्या. बाबांनी पेढा आतच खाल्ला.

पाऊस लागल्यावर आई मावशीकडे गेली. मी गेले नाही. मला लाज वाटत होती. मावशी आली ती सरळ मागच्या खोलीच्या दाराशी, आणि उंबऱ्यावर बसली.

"गनपत, कोनापासून लपाचं हाये?"

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई मला खुणेने म्हणत होती, आता हे चिडणार.

"ग्राउंडपासून," बाबा म्हणाले.

मावशी "हं" म्हणाली आणि उठली.

मग तिने माप घेतलं. माप घ्यायची तिची रीत पट्टीची नव्हती. अंगणात खुर्ची ठेवली, बाबा येणार नाहीत म्हणून मला तीत बसवलं आणि स्वतः रस्त्यावरून चालत गेली. तिथून अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असं ओरडली, "दिसली! मुंडकं दिसलं! जरा बुढ्यासारखी बस न वं, पोक काढून!" मी पोक काढलं. ती परत चालत गेली. मग ग्राउंडवरून. मग एका उभ्या ट्रकच्या पायरीवर चढून, ड्रायव्हरला बाजूला सरकवून. उभ्या माणसाला आडोसा लागत नाही, असं तिचं म्हणणं. उभा माणूस जात असतो. आडोसा बसलेल्याला लागतो.

संध्याकाळी पिंपं आली. नवीन रोपं नव्हती ती. मावशीच्या स्वतःच्या अंगणातली, वर्षानुवर्षं वाढलेली, पुरुषभर उंचीची झाडं होती. तिचा पोरगा आणि ग्राउंडवरची चार-पाच पोरं ती गडगडत आणत होती. अडुळसे, तगरी, कण्हेरी, दोन कामिनी. एक पुढे, एक मागे. आई म्हणाली, "अवो मावशी, तुमचं अंगन उघडं पडलं."

"म्हातारीले कोन पाह्यते?"

पण तसं नव्हतं. त्या पिंपांच्या आडच ती आंघोळ करायची, आडच बाज टाकून दुपारी पडायची. त्यानंतर ती स्वयंपाकाच्या कोपऱ्यात बादली घेऊन कशीबशी आंघोळ करते, हे मला फार उशिरा तिच्या सुनेकडून कळलं.

शेवटचं पिंप आलं ते रांगेच्या अगदी मधे ठेवलं गेलं. त्यात पिंपळ होता. कुठल्याशा भिंतीत उगवलेला काढून तिने वाढवलेला, चांगला डेरेदार.

आई कचरली. "घरापुढं पिंपळ?"

"पिपात हाये तो, घरात नाही. अन् आमच्यासाठी तं बोधीचं झाड. चांगलाच हाये, राहू दे."

मला मात्र राहवेना. मोरपंखीचा हिशेब चुकता करायची ही संधी होती. "मावशी, पिंपळ पानझडी आहे. फाल्गुनात सगळा उघडा होईल. नेमका मधे."

"असं का?" ती म्हणाली. "आता आनला तं आनला. पिंपळाले परत कोन पाठवते?"

खरंच होतं. तिच्या घरात तो बुद्धाचा आणि आमच्या घरात आईच्या देवाचा. त्याला परत धाडायला दोन्ही घरांतलं कोणी धजणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, रस्ता सुना असताना, बाबा अंगणात येऊन बसले. नऊ महिन्यांनी. आई आत जाऊन रडली आणि मग नाक पुसत भजी तळायला लागली.

मावशी रोज सकाळी हातोडा घेऊन आमच्या अंगणात येऊ लागली. ती बाबांशी पायाबद्दल कधीच बोलली नाही. धान कोणाचं कसं आहे, कोणाच्या पोरीचं जमलं, नळाला पाणी कधी येणार. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने त्यांच्या मांडीवर एक ओलं फडकं टाकलं. "पानं पूस."

"मी?"

"काहून? हाताले काय झालं?"

बाबा बसून खालची पानं पुसू लागले. दोन दिवसांनी ती म्हणाली, "वरची कोन पुसन?" वरच्या पानांसाठी उभं राहावं लागतं. एका हाताने कुबडी आणि एका हाताने फडकं. पहिल्यांदा ते तगरीवर पडले, झाडासकट. मी धावले, मावशीने मला हाताने अडवलं आणि बाबांना म्हणाली, "तगर मोडली काय पाह्य आधी." बाबांनी बघितलं. मोडली नव्हती. त्यांनी ती स्वतः सरळ केली. पावसाळा, हिवाळा असा गेला. पानांची आतली बाजू बाबा पुसत, बाहेरची, रस्त्याकडची, मावशी. संध्याकाळी ग्राउंडवर पोरं जमायच्या आत ते घरात जात.

माघ संपता संपता पिंपळाचं पहिलं पान पडलं. मग रोज ओंजळभर. दहा-पंधरा दिवसांत दाट हिरव्या रांगेच्या मधे नुसत्या काड्या राहिल्या, आणि त्या काड्यांतून समोर सरळ व्हॉलीबॉलचं नेट. मी मनातून खूशच झाले. मावशीला गाठून म्हटलं, "सांगितलं होतं की नाही?"

"हो वं माय," ती म्हणाली. "शिकलेल्या मानसाचं आयकावं."

बाबांनी मला ते पिंप सरकवायला सांगितलं. मावशी तिथेच होती. "आता हात लावू नको त्याले. नवी पालवी येऊन राह्यली. महिनाभर दम धर." मग बाबांनी खुर्ची सरकवली, अडुळशाच्या मागे. एक-दोन दिवस तिथे बसले. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा (मला तुमसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली होती) पोरांचा खेळ सुरू झालेला होता आणि बाबा अजून बाहेरच होते. खुर्ची पिंपळासमोर होती.

पोरं पंचाशिवायच खेळत होती. बाबांची जागा त्यांनी दुसऱ्या कोणाला दिली नव्हती. त्यामुळे खेळ कमी आणि भांडण जास्त. आठवडाभर बाबा ते ऐकत, बघत होते. त्यांचे ओठ हलायचे. हात मांडीवर उघडमीट व्हायचे. आई म्हणायची, आत या, त्रास होतो. ते येत नव्हते.

मग एका संध्याकाळी रस्त्याकडच्या रेषेवर चेंडू पडला. एक बाजू म्हणते आत, एक म्हणते बाहेर. राजू नावाचा एक उंच पोरगा, ड्रिलवर हेल्पर होता, तो छातीवर हात मारून शपथा घ्यायला लागला. आणि आमच्या अंगणातून आवाज गेला, "आउट होती!"

सगळी पोरं आमच्या अंगणाकडे वळली. तो आवाज मी दीड वर्षात ऐकला नव्हता.

"दोन बोटं बाहेर होती," बाबा पिंपळाच्या काड्यांतून ओरडले. "खोटं काहून बोलून राह्यला रे राज्या?"

राजू चेंडू काखेत धरून रस्ता ओलांडून आला. कुंड्यांपासून चार हातांवर थांबला.

"दादा, तुमी पाह्यली?"

"पाह्यली म्हनून सांगून राह्यलो न."

"मंग सर्व्हिस?"

"तुमची नाही. हो मांगं."

राजू वळला, पळत गेला आणि धावता धावताच ओरडला, "दादा म्हनते आउट!" पुढे भांडण झालं नाही. त्यानंतर रोजच, रेषेवर चेंडू पडला की सगळी पोरं नेटकडे न बघता आमच्या पिंपळाकडे बघायची. त्या पहिल्या संध्याकाळी मावशी चार घरांपलीकडे आपल्या उघड्या अंगणात बाजेवर बसून शेंगा निवडत होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान वर केली नाही.

चैत्रात पिंपळाला तांबूस पालवी फुटली, फट पुन्हा भरायला लागली. त्याच सुमारास मावशीला एकाएकी कुंड्यांची गरज पडू लागली. "गनपत, तिकडच्या लाइनीत एक बाळंतीन हाये, तिले आड पाहिजे. एक तगर नेऊ का?" बाबा म्हणायचे, ने. आठ दिवसांनी, "पाळन्याजवळ ऊन येते म्हनते, अडुळसा नेऊ का?" ने. कधी कोणाची पोरगी घरी आली, कधी कोणाकडे पाहुणे. कॉलनीत त्या उन्हाळ्यात अचानक इतक्या लोकांना लपायचं कसं काय होतं, हे बाबांनी एकदाही विचारलं नाही. मृगापर्यंत आमच्या अंगणात दोन कामिनी उरल्या आणि मावशीनेच कडेला सरकवलेला पिंपळ. एका संध्याकाळी बाबा कुबड्या घेऊन उठले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, एक ट्रक जाऊ दिला आणि पलीकडे गेले. ट्रकवाल्याने वरून वाकून बघितलं. पोरांनी खुर्ची आधीच आणून ठेवली होती. पुढच्या महिन्यात ते लॅम्परूमात रुजू झाले.

मावशीला पिंपळाचं माहीत होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. पण विहारासमोर एक मोठा पिंपळ आहे आणि दर फाल्गुनात त्याची पानं झाडायचं काम भागरतामावशीचंच होतं. मी लहानपणापासून बघत आले होते. मी पहिला वर्ग मिळवला, तरी हे माझ्या ध्यानात यायला वर्ष गेलं.

पुढे तिच्या पोराने खाण सोडली, क्वार्टर खाली करावं लागलं आणि मावशी पवनीला लेकीकडे गेली. जाताना तिने कुंड्या वाटून टाकल्या. कोणाला काय द्यायचं, याचा विचार ती महिनाभर करत होती. दोन-तीन वर्षांनी निरोप आला की मावशीने अंथरूण धरलंय, डोळ्यांनीही नीट दिसत नाही. बाबा म्हणाले, जाऊ. मी म्हटलं, गाडी करते. माझा पगार आहे, मला ते जमतं. बाबा म्हणाले, "बसनं." तुमसर, भंडारा, पवनी. तीन बस बदलून.

मावशी ओसरीवर बाजेवर होती. फार बारीक झाली होती. बाबांनी बाजेशी कुबड्या टेकवल्या, त्या आवाजावरून तिने ओळखलं.

"गनपत? कशानं आलास?"

"बसनं."

"बसाले जागा भेटली?"

"तुमसरवरी नाही. उभाच होतो."

"लोकं पाह्यत असन."

"पाह्यत होते."

"मंग?"

"मंग काय? मीपन त्यायले पाहून राह्यलो होतो."

मावशी हसली, हसता हसता तिला ठसका लागला, लेक पाणी घेऊन आली आणि आम्हा सगळ्यांवर रागावली. मग मावशीने माझ्या शाळेची चौकशी केली. पोरं ऐकतात का, मारत तर नाहीस ना. चहा झाला. निघालो तर ती उठूनच बसली, मी पोचवायला येते म्हणून. लेक नको नको म्हणत होती. शेवटी लेकीच्या खांद्यावर हात ठेवून ती रस्त्यापर्यंत आली.

बस भरलेली होती. मी बाबांना खिडकीशी बसवलं. खाली मावशी उभी होती, डोळ्यांवर हाताची सावली करून, आणि भलत्याच खिडकीकडे बघून हात हलवत होती. त्या खिडकीत एक अनोळखी बाई होती. तिनेही बिचारीने हात हलवला. बस हलली. बाबांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं, एक कुबडी बाहेर काढून ती वर धरली आणि ओरडले, "मावशी, इकडं! इकडं वो मावशी!"

कंडक्टर खेकसला. अख्खी बस वळून बघत होती. बाबा कुबडी हलवतच होते, आणि मावशी आवाजाच्या दिशेने वळली.